कॅमेऱ्याला टाटा

"आधी पोरीला विचारून खात्री कर. उगाच पालकांवर आळ नको," प्रिन्सिपल मॅडमनी गंधाली टीचरला बजावलं.

मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात गंधालीने छोट्या जुईला जवळ घेतलं. बाहीखाली दंडावर आज नवे वळ होते.

"कोणी मारलं गं, बाळा?"

जुईने भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे बघून गोड हसत टाटा केला. रोजच करायची. साकीनाक्याच्या ऑफिसात बसूनही पालकांना मोबाइलवर आपलं मूल दिसावं म्हणून शाळेने तो लावला होता. जुईला त्याचं भारी वेड, असं सगळ्या टीचर कौतुकाने सांगायच्या.

"कॅमेरा राहू दे गं. मला सांग ना, कोणी?"

जुईचा हात हलतच राहिला.

"टीचर, तू पण हस ना पटकन," ती पुटपुटली. "पप्पा बघतायत."