सैतानाचा आवाज

आमची सूनबाई म्हणजे अगदी मुखदुर्बळ. छत गळतंय, पण घरमालक दारात आला की ही माझ्या पाठीमागे लपते. भांडून भांडून घसा बसला तो माझा. सुट्टीच्या दिवशी मात्र मैत्रिणी जमवते आणि जाडजूड पुस्तकात बघून देवदूत-सैतानाची सोंगं घेऊन बोलायचा खेळ चालवते.

काल मी गळतीखाली बादली सरकवत होते, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत कुणीतरी गरजलं, "गुडघे टेका! माझ्या नरकात मला विचारल्याशिवाय पंखसुद्धा हलायचा नाही!"

धावत गेले, तर देवदूत झालेल्या मैत्रिणी अंग चोरून बसलेल्या आणि पुस्तक धरून उभी आमची सूनबाई! मला बघून पुस्तक मिटत पुटपुटली, "सॉरी आई. खेळ चालवणाऱ्यानंच सैतान व्हायचं, असं पुस्तकात लिहिलंय."



मी म्हटलं, "मिटू नकोस ते पुस्तक. घरमालकाला वर बोलावते मी. आज दार तू उघडायचं, मी तुझ्या मागे उभी राहते."