अर्धा घास

हेमांगी नागपूरहून सांगलीला माहेरी आली ती अर्ध्या घासाच्या लोभाने. आईंना आता कुणाचीच नावं आठवत नसत. पण आपलं माणूस दिसलं की त्या अर्धा घास त्याला भरवत आणि उष्टा उरलेला स्वतः खात. लेकीला ओळखीची तेवढी खूण पुरे होती.

वाटेत मात्र तिने एका लग्नाला हजेरी लावली होती आणि घसा बसवून घेतला होता. भावजयीने, मृदुलाने, फाटकातच टेस्ट करायला लावली. करोना निघाला.

“आता त्याला कोण विचारतं गं? मास्क लावते.”

“आई तो ओढून काढतील, वन्सं, आणि घास भरवतील,” मृदुला खिडकीतून म्हणाली. “मागच्या खेपेला आईंना झाला तेव्हाही आपण साधी सर्दीच म्हणालो होतो. दवाखान्यातून आल्या त्या गिळायचं विसरून. पुन्हा शिकवता शिकवता दिवाळी आली.”

एवढ्यात खिडकीशी जेवणाऱ्या आईंना लेक दिसली. त्यांनी अर्धा घास गजांबाहेर धरला. हेमांगी पुढे सरकलीच. मृदुलाने आतून तो हात मागे ओढला आणि घास स्वतःच खाऊन टाकला.

“चोरटे,” आई कडाडल्या, “माझ्या लेकीचा घास खाल्लास?”

‘लेकीचा’ एवढा एक शब्द घेऊन हेमांगी तृप्त मनाने लॉजवर गेली. आई खणखणीत राहिल्या. त्या सगळं विसरतात, एवढं मात्र विसरल्या नाहीत. अजून रोज जेवताना “ए चोरटे” अशी हाक येते, आणि मृदुला ओ देते.