ससा का खात नाही

सशाला गाजर दिलं कोणी, हा विषय फोरमनने जनावरांच्या दवाखान्यातही सोडला नाही. बायकोने मान खाली घातली. एक बारका तुकडा तिने दिला होता, तोही गेल्या आठवड्यात, आणि ते घरी कबूल करून ती पस्तावली होती. मुलगी टेबलाशी उभी होती, सशाच्या पाठीवर हात ठेवून. ससा अंग चोरून बसला होता. एरवी घरभर हुंदडणाऱ्या सशाने कालपासून गवताच्या काडीला तोंड लावलं नव्हतं, की एक लेंडी टाकली नव्हती.

फोरमनचं डोकं कालपासूनच तापलेलं. बंद पडलेल्या प्रत्येक यंत्रामागे कोणाचा तरी हलगर्जीपणा असतो, असं त्याचं ठाम मत. तो माणूस सापडेपर्यंत कारखान्यात तो कोणाला सोडत नसे, आणि घरीही नाही. आधी बायकोला झापलं. मग म्हाताऱ्या आईला, लाडाने बिस्किटं भरवते म्हणून. मग मुलीला, पाणी बदललं नाही म्हणून. मागे एकदा ससा स्वतःचीच लेंडी खाताना दिसला, तेव्हा तर त्याने घर डोक्यावर घेतलं होतं; तेही त्याने इथे ऐकवलं.

"ती त्याला खायलाच हवी," डॉक्टरीणबाई सशाचं पोट चाचपत म्हणाल्या. गवत एका फेरीत पचत नाही. म्हणून ससा एक मऊ लेंडी टाकतो आणि ती परत पोटात घालतो. निम्मा कस त्याला त्यातूनच मिळतो.

मग उलटीचं औषध द्या, काय अडकलंय ते बाहेर पडू दे, असं फोरमनने फर्मावलं. त्यावर त्यांनी सांगितलं, की सशाला उलटी होतच नाही. आत गेलेलं पुढेच सरकावं लागतं. आतडं थांबलं, की ससा हातचा जातो.

"मग थांबलं कोणामुळे, तेवढं सांगा," फोरमन म्हणाला.

दात बघून झाले होते, पोटाचा फोटोही काढून झाला होता. कुठे काही अडकलेलं नव्हतं. बिस्किटं वाईटच, ती बंद करा, त्या म्हणाल्या. पण कधीकधी नुसत्या धास्तीनेही सशाचं आतडं थांबतं. घरात कुत्रं आहे का? नव्हतं. शेजारी तोडफोड, ठोकाठोक? तीही नव्हती.

फोरमन उसळला. धास्ती कसली? खाऊनपिऊन सुखी घर आहे आमचं, फुकट खापर फोडू नका. बाहेरच्या बाकावरची माणसं दाराकडे बघू लागली. ससा कान पाडून टेबलाला चिकटला. मुलीचा हात त्याच्या पाठीवर तसाच थिजला.

डॉक्टरीणबाईंनी सशाला सुई टोचली, आज पोट हललं तर जगेल असं फोरमनच्या बायकोला सांगितलं, आणि मुलीपुढे वाकून हलक्या आवाजात विचारलं, "घरी घाबरला की कुठे लपतो गं हा?"

"कपाटामागे," मुलगी म्हणाली. "आम्ही दोघं मावतो तिथे."