खिडकीतली मोटार

त्या दुष्काळी उन्हाळ्यात उस्मानपुऱ्यातल्या गल्लीत पाण्याचा दिवस ठरलेला नव्हता. कुणाची मोटार वाजली की नळ आले समजायचं आणि ज्यानं त्यानं आपली मोटार लावून पाणी ओढायचं. टोकाच्या घरातल्या मंजुळाबाईंकडं मोटार नव्हती, त्यामुळे त्यांच्या नळापर्यंत थेंबही पोचत नसे.

एका दुपारी प्रांजली ऑफिससाठी नवा लॅपटॉप तपासत होती. त्यात चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे चार आभासी कॉम्प्युटर, एकदम चालवले तर तो कितपत तग धरतो, हे तिला बघायचं होतं. लॅपटॉप तापला म्हणून तिनं तो खिडकीजवळच्या रिकाम्या पत्र्याच्या पिंपावर ठेवला. चौथं मशीन सुरू झालं तसा आतला पंखा घोंघावू लागला आणि पिंप घुमायला लागलं.

"नळ आले वं!" समोरच्या रत्नमालाकाकू ओरडल्या. बघता बघता गल्लीभर मोटारी सुरू झाल्या.

"काकू, लॅपटॉप आहे तो! त्यात चार मशीन लावलीत!" प्रांजली खिडकीतून सांगत राहिली, पण ऐकतंय कोण? कूलर चालू होतेच, त्यात मोटारींची भर पडली आणि कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर धाडकन उडाला. प्रांजली दाराला कडी लावून बसली.

थोड्या वेळानं खरंच पाणी सुटलं. लाईट नसल्यानं ते कुणालाच ओढता येईना, आणि मंजुळाबाईंच्या घरातली सगळी भांडी काठोकाठ भरली.

पुढच्या आठवड्यात मंजुळाबाई हळूच प्रांजलीच्या दारात आल्या.


"पोरी, आज पाणी सुटणार म्हणत्यात. तेवढ्या तुझ्या चारी मशिनी लाव की."