निळ्या माशाचा वाडगा

जपानच्या उत्तरेकडच्या कोळ्यांचं कालवण रांधणाऱ्या मुंबईच्या हॉटेलात पोखर्णीचा बन्सीधर पाटील आणि चुडाव्याच्या बौद्धवाड्यातला पंडित एकाच भांड्यातून जेवले होते. निघताना बन्सीनं निळा मासा रंगवलेला वाडगा विकत घेतला. "जपानात ज्याचा त्याचा वाडगा वेगळा ऱ्हायतो. ह्यो तुजा, माज्या घरी ठिवतो." नामांतराच्या मोर्चात खांद्याला खांदा लावून चाललेल्या दोस्ताची ही माया पाहून पंडितचा ऊर भरून आला. पुढं बन्सीकडं गेलं की त्याचा चहा त्याच वाडग्यात यायचा. आज मात्र हात धुवायला तो परसात गेला आणि गोठ्याच्या देवळीत, सालगड्याच्या जर्मनच्या पेल्याशेजारी, त्याला निळा मासा दिसला. तो ओसरीवर येऊन बसला. बन्सीनं वाफाळता वाडगा पुढं केला. "घे, तुजा!" पंडितनं बन्सीच्या कपबशीकडं पाहिलं. "आन् तुजा वाडगा कोन्या देवळीत ऱ्हायतो, बन्सी?"