आईची नजर

थोरलीचा कॉम्प्युटर गोगलगायीलाही लाजवेल इतका रेंगाळत होता. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, सगळं पुसून टाक, सुटशील."

"आई गेली, तिचे फोटो तेवढे उरलेत त्यात. एकही जाऊ देणार नाही." तिने फाइली राखून सिस्टिम नव्याने बसवायला लावली आणि दुपारभर समोरून हलली नाही.

कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळू लागला. फोटोही सगळे शाबूत होते. फक्त कायम कॅमेऱ्याकडे बघून हसणारी आई आता प्रत्येक फोटोत डावीकडे बघत होती. हसत नव्हती.

कॉम्प्युटरच्या डावीकडे अडगळीच्या खोलीचं दार होतं.

थोरलीने स्क्रीन उलट दिशेला फिरवला. आईची नजर उजवीकडे वळली, पुन्हा त्याच दारावर.

भावाची बोबडी वळली. "ताई, पूस ते फोटो! पाया पडतो तुझ्या."

"आईला पुसू? तिला कोण घाबरवतंय ते आधी बघते."

ती तरातरा गेली, कडी काढली आणि दार ओढलं. ते बोटभर उघडलं, आणि आतून कुणीतरी परत ओढून घेतलं.

थोरलीने चौकटीला पाय लावला, दोन्ही हातांनी दाराची मूठ घट्ट धरली.

"ओढ," ती म्हणाली. "बघूच, कोण दमतं ते."