तिसऱ्यांदा

शिबिर संपलं तेव्हा पाच वाजले होते आणि चहावाल्या डिंपनाचे सगळे कप अजून विसळायचे बाकी होते.

क्लबाच्या हॉलमध्ये सकाळी दहापासून मनाचा प्रथमोपचार शिकवणं चाललं होतं. शिकवायला डब्लिनहून ऑर्ला नावाची बाई आली होती. या आठवड्यातलं तिचं हे चौथं गाव. दुपारनंतर तिचा आवाज पार बसला, तरी बिचारी बोलत राहिली. माणूस गप्प गप्प राहायला लागला, जीव लावलेल्या गोष्टी देऊन टाकायला लागला, तर आडून आडून विचारू नका. नाव घ्या, डोळ्यांत बघा आणि सरळ विचारा, जीव द्यायचं मनात येतं का? विचारल्याने कुणी जीव देत नाही, हे तिने चारदा सांगितलं. निम्म्या गावकऱ्यांनी ते लिहून घेतलं, निम्म्यांनी सँडविचवर लक्ष ठेवलं. डिंपनाने ते स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधल्या खिडकीतून ऐकलं, येता-जाता, अर्धंमुर्धं. चहा करणारीनेही बसून शिकावं, हे आमच्या कमिटीच्या डोक्यात कधी येत नाही.

आता सगळे पांगले होते. एकटा फिन्टन खुर्च्या मिटत होता. क्लबाच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारतो तो हाच. अठ्ठावन्न वर्षांचा, बिनलग्नाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ऑर्लाने भिंतीवरचे कागद गुंडाळले आणि त्याच्याकडे बघितलं. दिवसभरात त्याने एक अक्षर लिहिलं नव्हतं की तोंड उघडलं नव्हतं. तिने पिशवी खाली ठेवली. दमली होती, पण अंगचोर नव्हती.

"फिन्टन, सरळच विचारते," ती म्हणाली. "जीव द्यावा असं मनात येतं का तुमच्या?"

"छे हो बाई! मी एकदम झकास आहे."

ऑर्लाने त्याच्या डोळ्यांत बघितलं. डोळे हसत होते. तिने फोन नंबराचं कार्ड त्याच्या हातात दिलं, कधीही फोन करा म्हणाली आणि सामान घेऊन गाडीकडे निघाली. तिला अजून तीन तास गाडी हाकायची होती. पुस्तकात होतं तसं सगळं तिने केलं होतं. तिला कोण दोष देणार?

मधल्या खिडकीशी डिंपनाच्या हातातला कप हातातच राहिला. गेल्या रविवारी फिन्टनने आपली कुत्री शेजारच्या कॉनलीला देऊन टाकली होती. नऊ वर्षं जिच्याशिवाय हा दुकानातसुद्धा गेला नाही, ती कुत्री. 'आता माझ्याच्यानं होत नाही,' एवढंच म्हणाला होता. गावाने मान डोलावली आणि विषय सोडला. डिंपनानेही सोडला होता. आता तिची तिलाच लाज वाटली.

आणि ऑर्लाबाईला काय ठाऊक, आमच्या या मेयो परगण्यात पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही! साधं चहाचं घ्या. पहिल्यांदा विचारलं की 'नको'. दुसऱ्यांदा विचारलं की 'उगाच कशाला तुला त्रास'. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अगदी थोडासा', आणि मग त्याला काठोकाठ भरून द्यायचा. एकदा विचारून किटली उचलून नेणाऱ्या बाईला गाव चिक्कू म्हणतं, आणि बरोबरच म्हणतं.

डिंपना हात न पुसताच बाहेर आली.

"फिन्टन, ठेव ती खुर्ची. जीव द्यायचं मनात येतं का रे तुझ्या?"

"झालं! म्हणजे तूसुद्धा शिकलीस वाटतं?" तो हसला. "काही नाही गं. जा, कप धू जा."

"येतं का?"

"उगाच कशाला माझं लचांड गळ्यात घेतेस? तुझं तुला थोडं आहे का?"

या वेळी तो हसला नाही. वाकून खुर्ची मिटायला गेला, तर ती मिटेना.

डिंपनाची कंबर मोडून आली होती. घरी जावं, पाय वर करून बसावं, कुणाशी बोलू नये, एवढंच दुपारपासून तिच्या मनात होतं. शिवाय तिसऱ्यांदा विचारलं आणि तो हो म्हणाला, तर पुढे काय करायचं? तो भाग चालला होता तेव्हा ती दूध आणायला गेली होती. तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. तरी तिने ओल्या हाताने त्याची बाही धरली.

"फिन्टन, तिसऱ्यांदा विचारतेय मी."

ते त्याला कळलं. इथलाच जन्म त्याचा, न कळून काय होतंय! त्याने खुर्ची सोडून दिली. बाहेर ऑर्लाच्या गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

"थोडंसं," तो म्हणाला. "अगदी थोडंसं, डिंपना."

डिंपनाने बाही सोडली नाही. त्याला तसाच ओढत ती दारापर्यंत गेली, पायाने दार ढकललं आणि असेल नसेल तेवढा जोर लावून ओरडली,

"अहो बाई, गाडी बंद करा! हा हो म्हणतोय!"